प्लेअर घेत नाही

'सीडी खराब निघाली' हे वाक्य अण्णांसमोर उच्चारायची सोय नव्हती.

"खराब म्हणजे काय?" चष्मा कपाळावर सरकवत अण्णा विचारत. "'नो डिस्क' म्हणाला, 'एरर' म्हणाला, की नुसताच फिरत राहिला? फिरताना आवाज कसा येत होता, एकसारखा की मधेच दम घेतल्यागत?"

समोरच्याला यातलं काहीही सांगता येत नसे. त्याला एवढंच माहीत असे की भजनांची सीडी करून घेतली, ती वाजत नाही, आणि आई आंघोळ उरकून वाट बघत बसली आहे.

२००० सालानंतरच्या आठ-दहा वर्षांत डोंबिवलीपासून धायरीपर्यंत बहुतेक सोसायट्यांत असा एक अण्णा होता. कुठे त्याला काका म्हणत, कुठे सर म्हणत, पण घडण एकच. बहुधा सरकारी बँकेतून निवृत्त, तेही स्वेच्छेने. २०००-०१च्या सुमारास बँकांत स्वेच्छानिवृत्तीची योजना आली आणि पन्नाशीतली बरीच माणसं एकगठ्ठा रक्कम घेऊन घरी आली. मुलीचं लग्न, फ्लॅटचं उरलेलं कर्ज हे सगळं बाजूला काढल्यावर जे उरलं, त्यातून एक असेम्बल्ड कॉम्प्युटर आला. कॉम्प्युटर मुलाच्या अभ्यासासाठी. त्यातला सीडी रायटर मात्र कुणाच्या अभ्यासासाठी, हे घरात कुणी कधी विचारलं नाही.

आमच्या डोंबिवलीच्या अण्णांनी बँकेत उभी हयात फरक शोधण्यात घालवली होती. दिवसाअखेरीस बारा पैशांचा फरक आला, तर खिशातले बारा पैसे टाकून घरी जाणाऱ्यांतले ते नव्हते. फरक असतो म्हणजे तो कुठेतरी असतो, आणि तो सापडेपर्यंत शेवटची लोकल गेली तरी हरकत नाही, अशी त्यांची श्रद्धा. ही श्रद्धा घेऊन निवृत्त झालेल्या माणसाच्या हाती न वाजणारी सीडी पडली. आता त्यांना वाचवणारं कुणी नव्हतं.

अण्णांकडे येणाऱ्या तक्रारींपैकी निम्म्या एकाच जातीच्या असत. मुलाने गाणी एमपीथ्री म्हणून जशीच्या तशी सीडीवर उतरवलेली आणि घरातली म्युझिक सिस्टीम जुनी.

"एका सीडीवर दीडशे गाणी मावली म्हणतोय चिरंजीव," बाप कौतुकाने सांगे.

"तिथंच मला कळलं," अण्णा म्हणत. "ऑडिओ सीडीवर ऐंशी मिनिटं मावतात. फार तर अठरा-वीस गाणी. दीडशे मावली म्हणजे ती गाणी नाहीत, फायली आहेत. तुमच्या प्लेअरला फाइल म्हणजे काय हे ठाऊक नाही. त्याचा जन्मच तसा नाही."

मग प्लेअरचा जन्म. १९८० साली फिलिप्स आणि सोनी या दोन कंपन्यांनी मिळून ऑडिओ सीडीचे नियम ठरवले. त्या पुस्तकाचं नाव रेड बुक. १९८२मध्ये जपानात पहिला प्लेअर विकायला आला. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना सोळा बिटांचा, डावा-उजवा वेगळा, आणि एका सेकंदाचे बरोबर पंचाहत्तर भाग. हे सगळं अण्णा दारातच सांगत. आलेला माणूस चपला घालून उभा असे आणि सेकंदाचे पंचाहत्तर भाग होईपर्यंत त्याचा एक पाय चपलेतून निघालेला असे. त्या भागांचा अण्णांना इतका लळा लागला होता, की वहिनींनी "किती वेळ लागेल?" म्हणून विचारलं तर "चार मिनिटं, बारा सेकंद, चाळीस फ्रेम" असं उत्तर येई. वहिनी तेवढ्यात गॅस बंद करून, पानं मांडून, स्वतः जेवायला बसलेल्या असत.

रेड बुकात आणखी एक कलम आहे. एका सीडीवर ट्रॅक जास्तीत जास्त नव्व्याण्णव. हे कलम कधी आड येईल असं कुणालाही वाटलं नसेल, पण तळमजल्यावरच्या आजींना मनाचे श्लोक हवे होते, आणि तेही प्रत्येक श्लोक वेगळ्या नंबरवर. म्हणजे रिमोटवर सत्तावन्न दाबलं की सत्तावन्नावा श्लोक. श्लोक दोनशे पाच. दुसऱ्या कुणी तीन सीडींत सारखे वाटून टाकले असते. अण्णांनी पहिल्या सीडीवर नव्व्याण्णव घातले, दुसरीवर नव्व्याण्णव आणि तिसरीवर सात. "जागा असताना मोकळी का ठेवायची?" हा त्यांचा सवाल. आजी रोज तिसरीच सीडी लावत. लवकर संपते म्हणून.

ऐंशी मिनिटांच्या मर्यादेने तर एकदा महाभारतात घोटाळा केला. दुसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांकडे वडिलांच्या काळातली कीर्तनाची कॅसेट होती. नव्वद मिनिटांची. पूर्वरंग सावकाश, उत्तररंगात कीचकवध. अण्णांनी टेपरेकॉर्डर कॉम्प्युटरला जोडून दोन्ही बाजू उतरवल्या आणि सीडी करून दिली. आठवड्याने गृहस्थ परत आले.

"अण्णा, कीचक मरत नाही हो."

"म्हणजे?"

"भीम नाट्यशाळेत जाऊन बसतो, कीचक आत येतो, आणि सीडी संपते. वडील म्हणतात, या वयात आमच्या जिवाला घोर लावू नका."

दुसरी सीडी घालावी हा सरळ मार्ग होता. पण सीडीच्या कडेला नेमून दिलेल्या जागेपलीकडे थोडी पट्टी शिल्लक असते, आणि काही रायटर दटावून सांगितलं तर तिथेही लिहितात, हे अण्णांच्या कानावर होतं. त्यांनी बुवांचे खोकले, टाळ्या आणि आरतीची सूचना कापली, उरलेलं ब्याऐंशी मिनिटांत बसवलं आणि कडेपर्यंत लिहिलं. अण्णांच्या कॉम्प्युटरवर कीचक व्यवस्थित मेला. गृहस्थांच्या प्लेअरवर मात्र पहिल्या दोन गुद्द्यांनंतर भिंगाला पुढचं दिसेना. "आता अर्धमेला झालाय," असा निरोप आला. अण्णांनी ही प्रगती समजली.

शास्त्रीय संगीतवाल्यांचं दुखणं निराळं. एका रसिकांनी खासगी मैफलीचं रेकॉर्डिंग आणलं. विलंबित, मग द्रुत, पाठोपाठ तराणा. मधे बुवांनी श्वाससुद्धा घेतलेला नाही. रसिकांच्या भाच्याने सोयीसाठी तीन ट्रॅक पाडून सीडी बनवली होती, आणि आता बुवा तान घेऊन समेवर येणार, तर समेच्या अलीकडे दोन सेकंद शांतता!

"ट्रॅक ॲट वन्स," अण्णा सीडी न लावताच म्हणाले. "एक ट्रॅक लिहायचा, लेझर बंद करायचा, पुन्हा सुरू करायचा. मधे दोन सेकंदांचा खड्डा पडतो. डिस्क ॲट वन्स करायला हवी. लेझर एकदा लागला की शेवटपर्यंत उचलायचा नाही."

रसिक हेलावले. "म्हणजे आमच्या बुवांसारखंच!"

"बुवांचं माहीत नाही," अण्णा म्हणाले. "मी रायटरचं सांगतोय."

डीव्हीडी प्लेअर आले तेव्हा अण्णांच्या आयुष्याला बहर आला. कुणाचा तरी मेहुणा दुबईहून प्लेअर आणी. त्यावर सिनेमा चाले, दुकानातून आणलेली गाण्यांची सीडी चाले, आणि अण्णांनी बर्न केलेली सीडी तेवढी चालत नसे. गल्लीत याचा अर्थ एकच लावला गेला. अण्णा मात्र शांत. सीडी वाचायला ७८० नॅनोमीटरचा लेझर लागतो, डीव्हीडीला ६५०चा. छापील सीडीत ॲल्युमिनियम असतं, ते दोघांनाही उजेड परत देतं. ब्लँक सीडीत रंगाचा थर असतो, आणि तो ७८०ला बेतलेला. ६५०च्या उजेडाला तो दादच देत नाही. म्हणून चांगल्या डीव्हीडी प्लेअरमध्ये दोन लेझर असतात. सुरुवातीच्या काहींत एकच.

"मग आता काय करायचं?" मेहुण्याचा मेहुणा विचारी.

"काही नाही," अण्णा समाधानाने म्हणत. "पण कारण कळलं ना?"

पुन्हा पुन्हा पुसून वापरायच्या सीडी-आरडब्ल्यूचा तर त्यांना रागच होता. साधी सीडी सत्तर टक्के उजेड परत फेकते, ही जेमतेम वीसच्या आसपास. जुन्या प्लेअरला वाटतं, ट्रे रिकामाच आहे. "पैसे वाचवायला जाता आणि अंधार विकत घेता," असं ते ऐकवत. त्यानंतर येई त्यांचा ठेवणीतला प्रश्न, "फायनलाइज केलीत का?" आणखी दोन गाणी पुढे घालू म्हणून मुलं सीडी उघडी ठेवत. उघड्या सीडीच्या आतल्या बाजूला अनुक्रमणिका लिहिली जात नाही, आणि अनुक्रमणिका सापडली नाही की प्लेअर हात वर करतो. गाणी आत सगळी जागच्या जागी असतात, पण प्लेअरच्या लेखी नसतात. बँकेतल्या माणसाला हे तत्काळ पटतं. खातं आहे, पण लेजरमध्ये नोंद नाही.

प्रत्यक्ष बर्निंग हा घरातला सोवळ्याचा प्रसंग. बाजारात बावन्न-एक्सचे रायटर आले होते, पूर्ण सीडी तीन मिनिटांत लिहीत. अण्णा चार-एक्सवर ठाम. ऐंशी मिनिटांच्या सीडीला वीस मिनिटं. तेवढ्या वेळात माउसला कुणी हात लावायचा नाही, स्क्रीनसेव्हर लागू द्यायचा नाही, वहिनींनी मिक्सर लावायचा नाही. याला कारण होतं. जुन्या रायटरला कॉम्प्युटरकडून मजकूर पुरवायला क्षणभर उशीर झाला की लेझर अडखळे आणि सीडी वाया जाई. २००० साली सान्यो कंपनीने यावर तोड काढली. मजकूर आला नाही तर लेझर थांबतो, आला की नेमक्या त्याच जागेवरून पुढे लिहू लागतो. अण्णांच्या रायटरवर त्या सोयीचा शिक्कासुद्धा होता. त्यांनी तो वाचला होता. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मिक्सरबंदी उठली नाही, आणि त्या काळात त्यांच्या घरी चटणी पाट्यावरच वाटली गेली.

वीज मात्र कुणाच्या शिक्क्याला जुमानत नाही. भारनियमनाचं वेळापत्रक पेपरात आलं की अण्णा ते कापून मॉनिटरच्या कडेला चिकटवत आणि मुहूर्त काढत. तरीही कधी ट्रान्सफॉर्मर उडे. मग काळोखात अण्णांचा आवाज येई, "सत्तावीस मिनिटं झाली होती!" त्यावरून शेजाऱ्यांना कळे, की आज वेग आणखी कमी ठेवला होता.

या चार-एक्सच्या श्रद्धेला त्यांच्या इंजिनिअर पुतण्याने एकदा धक्का दिला. त्याने सांगितलं, की नव्या ब्लँक सीडींचा रंगाचा थर जलद लिहिण्यासाठी बेतलेला असतो, फार हळू लिहिलं तर चुका वाढूही शकतात. सीडीवर ती कुणी बनवली, किती वेगाची, हे आधीच कोरलेलं असतं. रायटर ते वाचून आपल्या फर्मवेअरमधल्या नोंदी बघतो आणि लेझर किती तापवायचा ते ठरवतो. "आणि काका, तुमचा हा नवा रायटर सोळाच्या खाली उतरतच नाही. तुम्ही चार म्हणता, तो मान डोलावतो आणि सोळाने लिहितो."

अण्णांनी घड्याळ लावून पाहिलं. पाच मिनिटांत सीडी बाहेर आली. त्या रात्री ते जेवले नाहीत. यंत्राने चूक करावी, बंद पडावं, त्याचं त्यांना काही वाटत नसे. पण तोंडावर हो म्हणून मनासारखं करायचं, हे त्यांनी आयुष्यात फक्त एका हेड कॅशिअरकडून सोसलं होतं.

दुसऱ्या दिवशी ते लोकलने दादरला उतरून, पलीकडच्या मार्गावरची गाडी पकडून ग्रँट रोडला गेले आणि लॅमिंग्टन रोडवरून हळू लिहिणारा जुना रायटर घेऊन आले. आता कॉम्प्युटरमध्ये दोन रायटर आणि एक हार्ड डिस्क. कोण मास्टर, कोण स्लेव्ह, कुणाचा जंपर कुठल्या पिनांवर, कुणी कुणाबरोबर एका केबलवर राहायचं, यावर आठवडाभर वाटाघाटी चालल्या. सगळं जुळलं, तरी बर्निंग रखडे. शेवटी त्यांनी शोध लावला की विंडोज एक्सपी मनात राग धरते. ड्राइव्हकडून सहा-सात चुका झाल्या की ती त्याला न सांगता जलद डीएमएवरून संथ पीआयओवर ढकलते आणि तिथेच ठेवते. डिव्हाइस मॅनेजरमधून तो अख्खा चॅनल काढून टाकून मशीन पुन्हा चालू केलं की सगळं माफ. हा शोध लागला त्या संध्याकाळी अण्णांनी पेढे वाटले. कशाचे, असं विचारल्यावर वहिनी म्हणाल्या, "घ्या हो. मलासुद्धा सांगितलंय त्यांनी, पण मी तुम्हाला नाही सांगणार."

लोक सीडी कशी वापरतात हे पाहिलं की अण्णांचं रक्त उसळे. कुणी ती गोल-गोल पुसायला लागलं की ओरडत, "ती काय थाळी आहे? मधून कडेकडे पुसा!" मधून कडेकडे गेलेला ओरखडा वाटेला आडवा जातो, प्रत्येक फेरीत थोडंसंच नुकसान करतो, आणि तेवढं भरून काढायची सोय सीडीतच असते. अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग मजकूर गेला तरी प्लेअर आजूबाजूच्या आकड्यांवरून तो पुन्हा उभा करतो. गोल ओरखडा वाटेच्या सोबतच चालतो, तिथे काही चालत नाही. चमकती बाजू लोक जिवापाड जपत आणि वरच्या बाजूला बॉलपेनने दाबून 'आईची भजनं' लिहीत. "अहो, खाली सव्वा मिलिमीटर प्लॅस्टिक आहे! वर नुसतं वॉर्निश. गाणी वरच्याच अंगाला आहेत. तुम्ही आईच्या भजनांवर पेन चालवताय!" कागदी लेबलं चिकटवणाऱ्यांना ते दारात उभं करत नसत, कारण जोरात फिरताना सीडी एका अंगाला ओढली जाते आणि गाडीच्या प्लेअरमध्ये लेबल सुटून आतच राहतं. पुढची सीडी तर सोडाच, तीच बाहेर येत नाही.

आमच्या सोसायटीच्या गणपतीला त्या वर्षांत मखराचा खर्च नव्हता. अण्णांच्या वाया गेलेल्या सीडी पुरत. त्यांचा रायटर बिघडलेला असेल त्या वर्षी मखर भव्य होई. दिव्यांच्या उजेडात सगळं लखलखे आणि बाहेरचे लोक वाहवा करत. अण्णा आरतीला उभे असत, पण नजर मूर्तीवर नसे. टाळ्यांच्या तालात बाजूच्याला सांगत, "ती निळी, उजवीकडची, ॲझो डाय. लीड-आउटला गेली. खालची हिरवट, सायनिन. लाइट गेले तेव्हाची." मंत्रपुष्पांजली होईपर्यंत त्यांची एक रांग तपासून झालेली असे.

एवढं सगळं ज्या गाण्यांसाठी, ती अण्णांनी कधी ऐकली नव्हती. सीडी झाली की ते पहिल्या ट्रॅकची पहिली दहा सेकंद लावत, कारण तिथे अनुक्रमणिका नीट आहे हे कळतं. मग शेवटच्या ट्रॅकची शेवटची दहा सेकंद, कारण चुका बाहेरच्या कडेला जास्त होतात. मधलं बरोबर असणारच. असे हजारो सुरुवातीचे आलाप आणि शेवटच्या तिहाया त्यांच्या कानांवरून गेल्या होत्या. कुठल्याही नाट्यपदाचा ऑर्गन वाजला की अण्णा पद ओळखत. गायक गायला लागला की मात्र त्यांना ते अनोळखी वाटे, आणि ते उठून जात. एका मैफलीला त्यांना आग्रहाने नेलं. परतताना कुणीतरी विचारलं, कसं झालं गाणं? अण्णा म्हणाले, "मध्ये फार आहे."

मग पेन ड्राइव्ह आले, फोन आले. लॅपटॉपचा ट्रे गेला, नव्या गाड्यांमधली सीडीची फटही गेली. अण्णांनी ब्लूटूथ स्पीकर घेऊन पाहिला. तो जोडला जाईना, म्हणून ते हुरूप येऊन पुढे सरसावले. नातवाने तो बंद करून चालू केला आणि स्पीकर वाजू लागला.

"पण काय झालं होतं?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही आजोबा. होतं असं कधीकधी."

त्या दिवसापासून त्यांनी स्पीकरचं नाव काढलं नाही. कारणाशिवाय बिघडतं आणि कारणाशिवाय बरं होतं, असल्या वस्तूशी संबंध ठेवायचा तरी कसा?

अलीकडे मात्र त्यांच्याकडे पुन्हा वर्दळ सुरू झाली आहे. कुणाच्या मुलीच्या लग्नातल्या सनईची सीडी असते, कुणाच्या आजोबांनी म्हटलेल्या विष्णुसहस्रनामाची. वीस वर्षं शोकेसमध्ये उन्हात राहिलेली, रंग उडालेली. अण्णा माळ्यावरून जुने ड्राइव्ह काढतात. एकाला वाचता आली नाही तर दुसऱ्याला, दुसऱ्याला नाही तर तिसऱ्याला. एखादा म्हातारा ड्राइव्ह अडखळत, मागे-पुढे करत वाचतो आणि आजोबा निघतात.

परवा तिसऱ्या मजल्यावरचे जोशी मुलाच्या मुंजीतल्या मंगलाष्टकांची सीडी घेऊन आले. अण्णांनी ती ट्यूबलाइटखाली तिरपी धरली.

"कुणी बर्न केलीय ही?"

"अण्णा, तुम्हीच."

अण्णांनी चष्मा खाली घेतला, कडा नीट पाहिली आणि सीडी परत दिली.

"मग हिच्यात दोष नाही. तुमचा प्लेअर घेऊन या."

"प्लेअर कधीच भंगारात दिला हो. दहा वर्षं झाली."

"तरीच!" अण्णा म्हणाले.